रस्त्यांसाठी रोखे आणि सभागृहाची संमती

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने जून २०२५ मध्ये २०० कोटी रुपयांचे ‘हरित’ रोखे बाजारात विकले. व्याजाचा दर शेकडा ७.८५ होता. पैसा रस्त्यांच्या सुधारणेसाठी घेतला होता. पदपथ, सायकलमार्ग आणि झाडांच्या सावलीतून चालत जाता येईल अशा वाटा यांची ‘हरित सेतू’ ही एक योजना, आणि टेल्को रस्त्याची पुनर्रचना ही दुसरी. रोख्यांना मागणी चांगली आली. शहराची पत सिद्ध झाली, महापालिका आता शासनाच्या दारात अनुदानासाठी उभी राहणार नाही, अशी स्तुतीही झाली. या सगळ्या कौतुकात एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून गेला. हे कर्ज काढण्यास पिंपरी-चिंचवडच्या नागरिकांच्या वतीने संमती कोणी दिली?

हा प्रश्न निव्वळ तांत्रिक नाही. महाराष्ट्रातील महानगरपालिकांना लागू असलेला १९४९ चा कायदा कर्जाबाबत मुळीच सैल नाही. महापालिकेस कर्ज काढावयाचे असेल तर सभागृहाच्या खास सभेत तसा ठराव व्हावा लागतो. राज्य शासनाने कर्जास आणि त्याच्या अटींस मान्यता द्यावी लागते. कर्ज कायम स्वरूपाच्या कामासाठीच काढता येते, म्हणजे ज्याचा खर्च अनेक वर्षांवर वाटून टाकणे रास्त ठरेल अशा कामासाठी. फेडीची मुदत कोणत्याही परिस्थितीत साठ वर्षांपलीकडे जाता कामा नये. आणि फेडीसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला टाकणारा निधी, ज्याला महापालिकेच्या कचेरीत सर्वजण ‘सिंकिंग फंड’ म्हणतात, तो राखावा लागतो.

या अटींमागील तर्क साधा आहे. आज निवडून आलेला नगरसेवक पाच वर्षांनी घरी जातो, कर्ज मात्र शहराच्या मानेवर राहते. पूल, जलवाहिनी, भुयारी गटार यांचा उपयोग पुढील पिढीलाही होणार असल्याने तिने खर्चाचा वाटा उचलावा, हे न्याय्यच आहे. परंतु पुढील पिढी आज सभागृहात बसलेली नसते, म्हणून तिच्या वतीने जे बोलतात त्यांनी निदान उघड सभेत, नाव लावून, कारण सांगून ठराव करावा एवढी कायद्याची अपेक्षा आहे. खास सभेच्या अटीचा सारा अर्थ एवढाच.

आता वस्तुस्थिती पाहावी. पिंपरी-चिंचवडच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुणे आणि मुंबई येथेही त्याच महिन्यात सभागृहे संपुष्टात आली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे राज्यघटनेचे २४३-यू हे कलम सांगते. तथापि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, प्रभागरचना पुनःपुन्हा बदलली गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिल्यानंतरही मतदानाचा दिवस उजाडला तो १५ जानेवारी २०२६ रोजी. जवळजवळ चार वर्षे राज्यातील ही मोठी शहरे प्रशासकांच्या हाती होती. पिंपरी-चिंचवडने २०२३ मध्ये शेकडा ८.१५ दराने काढलेले २०० कोटींचे रोखे आणि २०२५ चे हे हरित रोखे, दोन्ही याच काळातील आहेत.

प्रशासकास सभागृहाचे सर्व अधिकार कायद्याने मिळतात, त्यामुळे व्यवहार बेकायदा नव्हता हे मान्य केलेच पाहिजे. पण जे घडते ते विचित्र आहे. आयुक्त म्हणून एक अधिकारी प्रस्ताव मांडतो, प्रशासक म्हणून तोच अधिकारी प्रस्तावाचा विचार करतो आणि ‘सभागृहाचा ठराव’ म्हणून त्याच प्रस्तावास मंजुरी देतो. विरोधी पक्षाचा सदस्य नाही, पुरवणी प्रश्न नाही, वृत्तपत्रांसाठी प्रेक्षागृह नाही. मग कागद मंत्रालयात जातो. तेथे मान्यता देणारे शासन तेच, ज्याने प्रशासक नेमलेला असतो. शहराची संमती आणि शासनाची मान्यता अशा दोन वेगळ्या चौक्या कायद्याने उभ्या केल्या, त्या दोन्हींवर प्रत्यक्षात एकच पहारेकरी बसला. रोजचा कारभार चालविण्यासाठी प्रशासक लागतो हे समजण्यासारखे आहे. दिवाबत्ती बंद ठेवता येत नाही, पाणी सोडावेच लागते. परंतु पुढे अनेक वर्षे फेडावयाचे कर्ज ही दिवाबत्ती नव्हे. राखणदाराने मालकाच्या गैरहजेरीत घराची निगा राखावी. घर गहाण टाकू नये.

कार्यकर्त्यांपैकी काहींना असे वाटते की कर्जाच्या मर्यादा हा सनातनी अर्थशास्त्राचा बागुलबुवा आहे आणि लोकांची कामे अडविण्यासाठीच त्याचा वापर होतो. या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. मात्र अमेरिकेचा इतिहास पाहिला तर चित्र जरा वेगळे दिसते. तेथील शहरांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना खूश करण्यासाठी भरमसाट रोखे काढले. कित्येक ठिकाणी रेल्वे आलीच नाही, कर्ज मात्र करदात्यांच्या वाट्याला आले. त्या अनुभवातून आयोवा राज्याने १८५७ मध्ये आणि इलिनॉयने १८७० मध्ये शहरांच्या कर्जावर मालमत्तेच्या करपात्र मूल्याच्या शेकडा ५ ही मर्यादा थेट राज्यघटनेत लिहिली. न्यूयॉर्कने १८८४ मध्ये मोठ्या शहरांसाठी शेकडा १० ही मर्यादा घातली. कॅलिफोर्नियाच्या १८७९ च्या राज्यघटनेने तर वर्षाच्या उत्पन्नापलीकडे कर्ज काढावयाचे असेल तर दोन-तृतीयांश मतदारांची संमती घ्यावी असे बंधन घातले. म्हणजे ही बंधने सावकारांनी लादलेली नव्हती. सावकार आणि ठेकेदार यांच्याशी संगनमत करणाऱ्या नगरपित्यांवर नागरिकांनी ती घातली होती.

आपल्याकडे मर्यादा आली ती वेगळ्या वाटेने. परक्या सरकारला स्थानिक स्वराज्य संस्थांवर विश्वास नव्हता, म्हणून प्रत्येक कर्जास सरकारची परवानगी हवी असे ठरले. स्वातंत्र्यानंतर सरकार बदलले, परवानगी राहिली. अमेरिकेत मर्यादा प्रामुख्याने आकड्याची आणि मतदाराच्या संमतीची. आपल्याकडे ती प्रामुख्याने वरिष्ठांच्या परवानगीची. आकडा सर्वांना सारखा लागू होतो. परवानगी ज्याला जवळचा त्याला मिळते.

अर्थात आकड्यालाही पळवाटा असतात. शहराच्या मर्यादेत न बसणारे कर्ज शहराबाहेरच्या एखाद्या मंडळाच्या नावावर टाकणे, ही त्यातील सर्वांत रुळलेली. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट मोझेस यांनी पूल आणि महामार्ग बांधणाऱ्या प्राधिकरणाच्या रोख्यांतून असे साम्राज्य उभे केले की निवडून आलेल्या महापौरांना त्यास हात लावता येईना, कारण प्राधिकरणाचे अधिकार रोखेधारकांशी झालेल्या करारात गुंफलेले होते. महाराष्ट्रात १९९६ मध्ये रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले आणि मुंबईतील पंचावन्न उड्डाणपुलांची योजना व पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग यांसाठी शासनाच्या हमीवर रोखे काढले गेले, ते याच जातीचे. मुंबईचे रस्ते, मुंबईची वाहने, पण मुंबई महापालिकेच्या सभागृहात त्या कर्जावर मतदान होण्याचा प्रश्नच आला नाही.

दुसरी पळवाट अधिक धोक्याची असते. चालू खर्चाला भांडवली खर्चाचे नाव द्यावयाचे आणि कर्ज काढून पगार भागवावयाचे. न्यूयॉर्क शहराने हे अनेक वर्षे केले, आणि १९७५ मध्ये बँकांनी हात आखडता घेताच शहर कोसळले. त्यानंतर निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या डोक्यावर आर्थिक नियंत्रण मंडळ बसले, हजारो कामगार घरी गेले, भुयारी रेल्वेचे भाडे ३५ सेंटवरून ५० सेंटवर गेले, आणि शंभरांहून अधिक वर्षे विनाशुल्क असलेल्या शहर विद्यापीठात १९७६ पासून शुल्क सुरू झाले. कामगार संघटनांनी आपल्या निवृत्तिवेतन निधीतील पैसा शहराच्या रोख्यांत घालून शहर वाचविले, ही गोष्ट त्या काळच्या बँकांच्या गुणगानात सहसा सांगितली जात नाही.

भारतात महापालिकांच्या रोख्यांचे पर्व १९९७ मध्ये बंगळूरने सुरू केले, तेही शहरातील रस्ते आणि रस्त्याकडेच्या गटारांसाठी. १२५ कोटींच्या त्या रोख्यांस कर्नाटक शासनाची हमी होती. पुढल्याच वर्षी अहमदाबादने शासकीय हमीविना १०० कोटी उभे केले. नाशिक आणि नागपूर यांनीही पाणीपुरवठ्यासाठी हा मार्ग चोखाळला. मग काही वर्षे सामसूम होती. २०१५ मध्ये सेबीने महापालिकांच्या रोख्यांसाठी नियम केले आणि बाजार पुन्हा उघडला. निव्वळ मत्ता उणे नसावी, अलीकडच्या काळात फेड चुकलेली नसावी, पतमापन संस्थेचे प्रमाणपत्र असावे, असे ते नियम. व्यवहारात आणखी एक गोष्ट रूढ झाली. मालमत्ता कराचा भरणा एका वेगळ्या राखीव खात्यात जातो. त्यातून आधी रोखेधारकांच्या हप्त्याची तजवीज होते आणि उरलेला पैसा महापालिकेच्या हाती येतो.

या राखीव खात्याकडे कार्यकर्त्यांनी नीट पाहावे. नागरिक कर भरतो तो रस्ता झाडला जावा, कचरा उचलला जावा, दवाखान्यात औषध मिळावे म्हणून. त्या करावर पहिला हक्क आता सावकाराचा. कंत्राटी सफाई कामगाराची मजुरी दोन-दोन महिने रखडू शकते, त्याबद्दल कोणाचेही पतमापन घसरत नाही. रोख्याचा हप्ता एक दिवस रखडला तर देशभर बोभाटा होतो. कर्जाची मर्यादा नाहीशी झाली असे नव्हे. मर्यादा राखणारा बदलला. सभागृहाच्या जागी पतमापन संस्था आली, आणि तिला नागरिकांनी निवडून दिलेले नाही.

रोख्यांचा अनुभव तरी काय सांगतो? पुण्याच्या सभागृहाने २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २,२६४ कोटींचे रोखे काढण्यास मान्यता दिली आणि जूनमध्ये २०० कोटींचा पहिला हप्ता शेकडा ७.५९ दराने उचलला. इकडे कामाच्या निविदा वादात सापडून रद्द झाल्या. व्याजाने आणलेला पैसा काही काळ बँकेत ठेव म्हणून पडून राहिला. पिढ्यांपिढ्यांचा न्याय वगैरे बाजूलाच; पाइप जमिनीत जाण्याआधी व्याज सुरू झाले. निदान तेथे सभागृह होते आणि त्यात या प्रकाराविरुद्ध आवाज उठू शकला.

हैदराबादचे उदाहरण तर रस्त्यांचेच आहे. उड्डाणपूल आणि भुयारी मार्ग यांच्या योजनेसाठी तेथील महापालिकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये २०० कोटी शेकडा ८.९० दराने, ऑगस्ट २०१८ मध्ये १९५ कोटी ९.३८ दराने आणि ऑगस्ट २०१९ मध्ये १०० कोटी १०.२३ दराने उभे केले. दीड वर्षात दर सव्वा टक्क्याहून अधिक चढला. या ४९५ कोटींचे एका वर्षाचे व्याज सुमारे ४६ कोटी होते. उड्डाणपुलावरून पादचारी जात नाही. सायकल जात नाही. फेरीवाला तर पुलाखाली असतो, आणि पूल झाल्यावर तेथूनही उठविला जातो. त्याच्या झोपडीचा कर वा भाड्यातून घरमालकाने वसूल केलेला कर मात्र त्याच तिजोरीत जातो.

या दृष्टीने पिंपरी-चिंचवडची योजना उजवी आहे हे सांगितले पाहिजे. पदपथ हा गरिबाचा रस्ता आहे. टेल्को रस्ता ज्या कारखान्याच्या नावाने ओळखला जातो तेथे आणि आसपासच्या शेकडो लहान कारखान्यांत कामगारांच्या पिढ्या सायकलवरून पाळीला गेल्या. त्यांच्यासाठी सुरक्षित वाट होणार असेल तर समाजवाद्याने तिला विरोध करण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो पैसा आणण्याच्या रीतीवर.

हेच शहर एकेकाळी श्रीमंत महापालिका म्हणून मिरवत होते. कारखान्यांत येणाऱ्या मालावरील जकात हे त्या श्रीमंतीचे मूळ. जकात हा आदर्श कर नव्हता. नाक्यावरची लाचलुचपत आणि शेवटी ग्राहकावर पडणारा बोजा यांमुळे समाजवाद्यांनीही तिच्यावर टीका केली, आणि ती योग्य होती. परंतु जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला, मुंबईची जकातही जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा करात विरली. महापालिकांच्या हाती राहिला मालमत्ता कर आणि शासनाकडून येणारी भरपाई. स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा हात असा कापला गेल्यावर शहरांना सांगण्यात आले की आता बाजारातून कर्ज काढा. केंद्र शासनाने अमृत योजनेत रोख्यांच्या दर १०० कोटींमागे १३ कोटींचे बक्षीसही ठेवले. पुण्यास अशा रीतीने २६ कोटी मिळाले. स्वतःचा कर नीट, न्यायाने आणि पूर्ण वसूल करणाऱ्या शहरास असे बक्षीस मिळाले असते तर गोष्ट वेगळी. ज्यांच्यापाशी पैसा आहे त्यांच्याकडून तो कर म्हणून घेतला तर परत द्यावा लागत नाही. त्यांच्याकडूनच तो रोख्याच्या रूपाने घेतला तर मुद्दल परत करावे लागते आणि वर शेकडा ७.८५ द्यावे लागते. २०० कोटींवर ही रक्कम वर्षाला १५ कोटी ७० लाख होते.

मग रस्ता सुधारण्याचा खर्च कोणी द्यावा? रस्ता रुंद झाला, सावली आली, दिवे लागले की त्याच्या दोन्ही बाजूंच्या जमिनीचा भाव चढतो. जमीनमालकाने त्यासाठी बोटही हलविलेले नसते. हे मुंबईने शंभर वर्षांपूर्वीच पाहिले. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने कर्ज काढून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते गर्दीच्या वस्त्यांतून काढले. ट्रस्टचे बहुसंख्य सदस्य लोकनियुक्त नव्हते, आणि ज्यांची घरे पाडली गेली त्यांना त्या नव्या रस्त्यांवरील घरांत जागा परवडली नाही. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. पण त्या काळातून एक चांगली कल्पनाही उरली. रस्त्याच्या नियत रेषेबाहेरची लगतची जमीनही संपादन करावी, भाव वाढल्यावर ती भाडेपट्ट्याने द्यावी आणि त्यातून रस्त्याचे कर्ज फेडावे. १९१५ च्या नगररचना कायद्याने आणखी पुढे जाऊन वाढीव मूल्याच्या निम्म्यापर्यंत वाटा मालकाकडून घेण्याची तरतूद केली. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातही ती आहे. कायदा आहे, वापर तुटपुंजा आहे. टेल्को रस्त्याचे कर्ज त्या रस्त्यालगतच्या जमिनीच्या वाढीव भावातून फिटले असते तर भोसरीच्या चाळीतील भाडेकरूच्या करावर राखीव खात्याचा पहिला हक्क सांगण्याची गरज पडली नसती.

एक सावधगिरीची सूचना येथेच करावी लागते. अमेरिकेत रस्त्यालगतच्या मालकांवरील खास आकारणीतून फेडावयाचे रोखे पुष्कळ निघाले आणि ते शहराच्या कर्जमर्यादेत धरावयाचे नाहीत असा निर्वाळा न्यायालयांनी दिला. त्याचा फायदा घेऊन बिल्डरांनी मोकळ्या माळावर, जेथे एकही घर नव्हते, तेथे रस्ते आखले. १९३० नंतरच्या मंदीत हे प्लॉट विकले गेले नाहीत आणि रोखे बुडाले. वाढीव मूल्य वसूल करावे, पण ते आधी वाढू द्यावे, आणि असे कर्जही मर्यादेतच मोजावे.

जानेवारी २०२६ नंतर सभागृहे पुन्हा भरू लागली आहेत. प्रशासकांच्या काळातील कर्जाचा हिशेब त्यांच्यापुढे येणे हा त्यांचा अधिकार आहे. मूळ रोख्यांचे करार आता बदलता येणार नाहीत. पतमापनाची भीती दाखविली जाईल आणि ती अगदीच खोटी नसेल. परंतु काही गोष्टी आजही विचारता येतात. सिंकिंग फंडात ठरलेली रक्कम दरवर्षी पडली काय? राखीव खात्यात मालमत्ता कराचा किती हिस्सा जातो, आणि सफाई कामगारांच्या वेतनाला त्याच्या आधी जागा का नसावी? रोख्यांच्या पैशातून जे झाले ते खरोखर कायम स्वरूपाचे काम आहे काय? पदपथाखालची गटारे, केबलचे पन्हाळे, पावसाळी पाण्याची वाट ही कायमची कामे होत. डांबराचा वरचा थर तीन पावसाळ्यांत उखडतो. त्यावर त्याहून अधिक मुदतीचे कर्ज काढले असेल तर ते कायद्याच्या शब्दांत बसविले तरी अर्थात बसत नाही. शाखांनी आपापल्या प्रभागातील रस्त्याचा तुकडा घ्यावा, ठेकेदाराच्या कामाचा तपशील माहितीच्या अधिकारात मागवावा आणि नगरसेवकाच्या हाती द्यावा. अंदाजपत्रकाची सभा साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, आणि कर्जाचे पान बहुधा शेवटी, परिशिष्टात, बारीक टाइपात छापलेले असते. कार्यकर्त्यांनी वाचावयास सुरुवात त्या पानापासून करावी.